नोकरी की धंदा? सभासदांच्या मुलांसाठी चार शब्द



दरवर्षी मे-जून महिन्यांत परीक्षांचे निकाल लागले की आमच्या शेतकी ऑफिसात दोन तऱ्हेची माणसे येतात. काही जण उसाची नोंद, बेणे, मातीची पिशवी असली कामे घेऊन येतात. दुसरे येतात ते सोबत मुलगा घेऊन. मुलगा दाराशी उभा राहतो, वडील खुर्चीच्या कडेवर बसतात, आधी पाऊसपाण्याच्या गोष्टी होतात, आणि मग मुद्दा निघतो, "साहेब, पोरगं रिकामं हाय. कुठंतरी चिकटवा."

गेल्या वर्षी मे अखेरीस असेच एक बापलेक आले. साडेतीन एकर बागाईत, घरात पाच माणसे, मुलगा नुकताच कृषी पदविका होऊन आलेला. वडिलांचे म्हणणे, कारखान्यात नाहीतर एखाद्या कंपनीत लागावे, महिन्याच्या महिन्याला पगार यावा. मुलाचे म्हणणे, ऊस रोपवाटिका काढायची. त्यासाठी दहा लाखांचे कर्ज, आणि कर्जाला तारण ते साडेतीन एकर. दोघांचे घरात आठ दिवस वाजले होते. शेवटी दोघेही म्हणाले, "आता तुम्हीच सांगा."

आम्ही त्या दिवशी काही सांगितले नाही. या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देणारा माणूस एकतर फार शहाणा असला पाहिजे किंवा ज्याचे काहीच जाणार नाही असा तरी. आम्ही दोन्ही नाही. पण पुढे तीनचार वेळा बसून त्या बापलेकांशी जे बोलणे झाले, ते इतर सभासदांच्याही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून ते येथे मांडतो.

उत्तम, मध्यम, कनिष्ठ

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. भाषणात ती अजून टाळ्या घेते. पण मुलीसाठी स्थळ पाहताना हीच माणसे म्हण उलटी करतात; नोकरी उत्तम ठरते आणि शेती कनिष्ठ. म्हणजे म्हण तोंडात एक आणि व्यवहारात दुसरी. मुलांचा गोंधळ होतो तो येथे.

आमच्या मते या प्रश्नात उत्तम-कनिष्ठ हा भाग आधी काढून टाकावा. नोकरी म्हणजे गुलामी आणि धंदा म्हणजे स्वातंत्र्य असे पुष्कळ तरुणांना वाटते. त्यांनी एकदा पहाटे पाचला दूध संकलन केंद्र उघडणाऱ्या माणसाला विचारावे की तुला सुट्टी कधी असते. धंदेवाल्याला साहेब नसतो हे खरे, पण गिऱ्हाईक असते, बँक असते, आणि आपल्या भागात पाऊस असतो. हे तिन्ही साहेब रजेचा अर्ज घेत नाहीत.

तसेच नोकरी म्हणजे पक्की भाकरी, हेही तितके खरे नाही. आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या कित्येक घरांतून माणसे मुंबईच्या कापड गिरण्यांत होती. गिरणीची नोकरी म्हणजे जन्माची सोय असे तेव्हा समजत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर कित्येकांना पुन्हा गिरणीचे तोंड दिसले नाही. ट्रंक घेऊन गावी परतलेली माणसे ज्येष्ठ सभासदांना आठवत असतील. त्यांत ज्यांचा गावाकडचा जमिनीचा तुकडा राहिला होता ते कसेबसे उभे राहिले. ज्यांनी तोही विकून मुंबईत खोली घेतली होती त्यांचे फार हाल झाले.

तेव्हा दोन्हीकडे धोका आहे. फरक इतकाच की नोकरीत धोका दुसऱ्याच्या हाती असतो आणि तो एकदम येतो. धंद्यात तो आपल्या हाती असतो आणि रोज थोडा थोडा येतो. यांपैकी कोणता धोका आपल्याला पेलतो, हे ज्याने त्याने स्वभाव आणि घर पाहून ठरवायचे असते.

किर्लोस्करांनी उडी मारली ती कशी?

धंद्याचे नाव काढले की मुले लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण देतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यातला अर्धाच भाग सांगतात.

लक्ष्मणराव (जन्म १८६९) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांच्या हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियनाला दिली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. एवढे सर्वांना पाठ असते. पण त्याआधी नोकरीत असतानाच त्यांनी बेळगावला बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचा धंदा सुरू केला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. म्हणजे उडी मारण्याआधी पाण्याची खोली त्यांनी काठावरून मोजून घेतली होती.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र झाले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आज आपल्याला लोखंडी नांगराशिवाय नांगरट सुचत नाही, पण त्या वेळी लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांना होती. नांगर तयार होऊन पडले आणि बराच काळ गिऱ्हाईक मिळेना. माल चांगला असला म्हणजे तो खपतोच असे नाही, हा धंद्यातला पहिला धडा तेथे आहे. नंतर बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली, तेव्हा १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

यातून आम्ही तीन गोष्टी घेतो. नोकरीच्या काळात ते कसब शिकले. धंदा आधी लहान प्रमाणात करून पाहिला. आणि संकटात पाठीशी उभा राहणारा माणूस त्यांना मिळाला. रागाच्या भरात राजीनामा देणारे पुष्कळ असतात. या तीन गोष्टी जवळ असणारे थोडे.

आमचा स्वतःचा धडा

दुसऱ्याला सांगताना स्वतःचे झाकून ठेवणे बरे नव्हे, म्हणून थोडे आमचेही सांगतो.

१९९९ साली आम्ही कृषी पदविका घेतली. अडीच वर्षे एका खासगी कंपनीत मोटारसायकलवरून गावोगाव फिरून बियाणे विकले. महिन्याच्या टार्गेटचा कंटाळा आला आणि २००२ साली चुलतभावाबरोबर कृषी सेवा केंद्र काढले. त्याच पावसाळ्यात पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना सांगायला नको; पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर आणि वरच्या बाजूला काळी काजळी. लोक घाबरले होते. दुकानात रांग लागली. आम्हाला वाटले, आपले नशीब उघडले. औषधांचा माल उधारीवर भरला आणि शेतकऱ्यांनाही उधारीवर दिला.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. मावा आणि दुष्काळ मिळून २००३-०४ च्या हंगामात राज्याचे साखर उत्पादन आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. ज्याचा ऊसच वाळला त्याच्याकडे उधारी कोणत्या तोंडाने मागणार? शिवाय डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक शेतात वाढले आणि मावा त्यांनीच खाल्ला. ते वाढावेत म्हणून औषध फवारू नका असा सल्ला कृषी खाते देऊ लागले. सल्ला योग्य होता. आज आम्हीही तोच देतो. पण आमच्या दुकानातले खोके मुदत संपून तसेच पडले.

२००५ साली दुकान बंद केले. कंपन्यांची देणी भागवायला वडिलांनी विहिरीखालचे दीड एकर रान विकले. वडील एका शब्दाने बोलले नाहीत. त्या रानात आजही उत्तम ऊस असतो, आणि गटात फेरी असली की आमचा रस्ता त्याच बांधावरून जातो.

धंदा केला ही आमची चूक नव्हती, असे आज मागे वळून पाहताना वाटते. चुका दुसऱ्याच होत्या. एक, नफ्याचा हिशेब केला, पण तोट्याचा केला नाही. दोन, किती बुडाल्यावर थांबायचे हे आधी ठरवले नाही. त्यामुळे एक महिना, अजून एक महिना करत दोन वर्षे गेली. आणि तीन, जे पणाला लावले ते आमचे नव्हतेच. ते वडिलांच्या घामाचे होते, आणि त्यांना आम्ही नीट विचारलेही नव्हते. "दुकान टाकतोय" एवढेच सांगितले होते.

त्यानंतर कारखान्यात लागलो तो हरल्यासारखा लागलो, हे कबूल केले पाहिजे. पहिली तीनचार वर्षे नोकरी म्हणजे शिक्षा वाटे. मग बेणेमळ्याचे काम हाती आले. शुद्ध बेणे सभासदांपर्यंत पोचवायचे आणि तीन वर्षांनी ते बदलायला लावायचे. त्या कामात दुकानातला अनुभव उपयोगी पडला. शेतकरी 'नको' म्हणतो तेव्हा त्याला काय परवडत नाही, हे आम्हाला पटकन कळते, कारण गल्ल्यामागे बसून तीन वर्षे तेच पाहिले होते. एखाद्या सभासदाचा एकरी उतारा वाढला की आम्हाला दुकानात कधी झाला नाही तेवढा आनंद होतो. नोकरीत राहूनही काम स्वतःचे समजता येते, हे आम्ही उशिरा शिकलो.

कागदावरचा हिशेब

आता त्या मुलाच्या रोपवाटिकेकडे येतो. आम्ही त्याला म्हटले, "तुझा विचार चांगला आहे. पण आधी कागद घे."

पुढील आकडे हिशेब समजण्यापुरते धरले आहेत; ज्याने त्याने आपल्या भागातले दर घालावेत. एक रोप अडीच रुपयांना विकले जाते असे धरू. बेणे, कोकोपीट, औषध, मजुरी आणि ट्रेची झीज मिळून रोपाला एक रुपया सत्तर पैसे खर्च. म्हणजे रोपामागे ८० पैसे सुटतात.

दहा लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षांत फेड. महिन्याचा हप्ता साधारण २१,७०० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे २,६०,००० रुपये. रोपामागे ८० पैसे सुटत असतील तर नुसता हप्ता भरायला वर्षाला सव्वातीन लाख रोपे विकावी लागतील. पाच फुटी सरी आणि रोपांत पावणेदोन फूट अंतर धरले तर एकरी पाच हजारांच्या आसपास रोपे बसतात. म्हणजे ६५ एकरांची लागण केवळ बँकेसाठी. घराला पैसा सुटायला लागेल तो त्यानंतर.

मुलगा म्हणाला, "६५ एकर काय, आपल्या गटात कितीतरी लागण होते." खरे आहे. पण ती बारा महिने होत नाही. आडसाली १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. या तीन खिडक्या. आणि ऊस रोप हे काही लोखंडी नांगरासारखे कोपऱ्यात ठेवता येत नाही. पाच-सहा आठवड्यांत ते लागणीला येते. त्यापुढे ट्रेतच राहिले तर मुळ्या गुंडाळतात, पाने पिवळी पडतात, आणि मग फुकट दिले तरी कोणी नेत नाही. पाऊस लांबला, वाफसा आला नाही, की खिडकी बंद. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला चालूच. उत्पन्न तीन खिडक्यांतून आणि खर्च बारा दारांतून, ही गोष्ट ज्याने ओळखली त्याने शेतीपूरक धंद्याचे निम्मे गणित ओळखले.

म्हणून त्याला सांगितले, दहा लाख बाजूला ठेव. एकावेळी वीस हजार रोपांचीच बॅच कर. खर्च ३४,००० रुपये. सगळी रोपे गेली तर ५०,००० येतील, १६,००० सुटतील. पाऊण भाग गेला तर ३७,५०० येतील, जेमतेम साडेतीन हजार सुटतील. निम्मीच गेली तर ९,००० चा तोटा. हा तोटा तुला सोसेल का? तो म्हणाला, सोसेल. मग वडिलांकडे वळून आम्ही विचारले, "तात्या, तुम्हाला?" ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "एवढ्यानं काय रान जात न्हाई." घरातले भांडण त्या दिवशी निम्मे मिटले. कारण तोटा किती होऊ शकतो याचा आकडा पहिल्यांदाच दोघांच्या डोळ्यांसमोर होता.

लागण, खोडवा आणि तुटाळी

आपण ऊसवाले या बाबतीत अडाणी नाही. धंद्याचे सारे शास्त्र आपल्या पिकात आहे, फक्त ते मुलांना सांगायचे राहते.

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तोवर आपण खत घालतो, पाणी देतो, आणि कारखान्याचा पैसा हाती नसतो. लागणीचा ऊस बियाणे-मशागतीचा खर्च काढतो आणि खोडव्याला तो खर्च नसल्याने चार पैसे जास्त सुटतात. धंद्याचेही तसेच. पहिले वर्ष लागणीचे. ज्याला पहिल्याच वर्षी नफा हवा आहे त्याने नोकरी धरावी, त्यात कमीपणा नाही.

पण प्रत्येक खोडवा ठेवू नये, हेही आपणच सांगतो. तुटाळी फार असतील, काणी किंवा गवताळ वाढ दिसत असेल, तर तो खोडवा मोडावा. माया करून ठेवला तर खतपाणी वाया आणि वर्षही वाया. धंदा सुरू करतानाच लिहून ठेवावे की इतकी रक्कम बुडाली किंवा इतके हंगाम सलग तोटा आला तर मोडायचे. मोडणे म्हणजे हरणे नव्हे. रान दुसऱ्या पिकाला मोकळे होते. हे आम्हाला २००३ साली कळले असते तर ते दीड एकर आज घरात असते.

आणखी एक. नवी जात आली की आपण सगळे रान एकदम त्या जातीखाली घालत नाही. को ८६०३२ ही जात पाडेगावच्या संशोधन केंद्रातून १९९६ साली शिफारस झाली, तेव्हाही जाणत्या शेतकऱ्यांनी आधी चार गुंठे लावून पाहिली. चार गुंठ्यांत पटली, मग एकरभर झाली. मुलाच्या धंद्यालाही आधी चार गुंठेच द्यावेत.

आपल्या वाडवडिलांनी काढलेली वाट

नोकरी आणि धंदा या दोनच वाटा आहेत असे समजणेही बरोबर नाही. तिसरी वाट आपल्या पायाखालीच आहे.

ऊस पिकवणारा शेतकरी पूर्वी गुऱ्हाळ घालून गूळ बाजारात नेई आणि दर पडला की एकट्याने मार खाई. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांसारख्या शेतकऱ्याने आणि धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने मिळून सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. शेतकऱ्यांनी भाग भांडवल थोडे थोडे गोळा केले. कोणा एकाला सगळी जमीन गहाण टाकावी लागली नाही. म्हणजे काय केले? धोका वाटून घेतला. एकट्याला न पेलणारा धंदा हजारांनी मिळून पेलला.

आजही आपण ऊस पिकवणारे सारे धंदेवाईकच आहोत. पण आपल्या मालाला २००९-१० च्या हंगामापासून रास्त व किफायतशीर दर बांधलेला आहे, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे. टोमॅटो पिकवणाऱ्याला असे काही नाही. हा आधार आपोआप आला नाही. लोक एकत्र आले म्हणून आला. मुलांनी रोपवाटिका, ऊस तोडणी यंत्र, ठिबक दुरुस्ती, माती परीक्षण असे काही करायचे असेल तर चारपाच जणांनी मिळून करावे. भांडण होईल ही भीती खरी आहे. म्हणून वाटा, काम आणि हिशेब पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. आम्ही चुलतभावाबरोबर तोंडी केले. नाते कसेबसे वाचले, पण बोलणे सुरू व्हायला सात वर्षे लागली.

येथे एक कडू गोष्टही सांगतो, रागावू नये. कारखान्याचा भाग म्हणजे मुलाच्या नोकरीची पावती नव्हे. गरजेपेक्षा जास्त माणूस भरला की त्याचा पगार कारखान्याच्या उत्पन्नातूनच जातो, आणि ते उत्पन्न शेवटी तुमच्या उसाचे आहे. आपल्या मुलाला चिकटवा म्हणणारे वडील आणि वार्षिक सभेत जादा दर मागणारे सभासद पुष्कळदा एकच असतात. दोन्ही मागण्या एकाच खिशातून पुऱ्या व्हायच्या असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

सही करण्यापूर्वी पाच प्रश्न

कर्जाच्या कागदावर किंवा नेमणुकीच्या पत्रावर सही करण्याआधी मुलाने आणि वडिलांनी मिळून पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. तोंडी नकोत.

१. सगळ्यात वाईट वर्षात किती रुपये जातील, आणि ते कोणाच्या खिशातून? उत्तरात घराची जमीन किंवा बहिणीच्या लग्नाचा पैसा येत असेल तर त्या माणसांची संमती घेतली आहे का?

२. हे काम दुसऱ्याच्या पगारावर राहून शिकता येईल का? येत असेल तर आधी तसे शिकावे. चुकांची फी मालक भरतो.

३. पहिली दहा गिऱ्हाइके कोण? नावे लिहा. नावे लिहिता येत नसतील तर धंदा अजून डोक्यातच आहे.

४. उधारी किती द्यायची, आणि 'नाही' कोणाला म्हणायचे? पाहुणे आणि भावकी यांना 'नाही' म्हणता येत नसेल तर त्या गावात दुकान टाकू नये.

५. नोकरी पत्करली तर पाच वर्षांत तेथे काय शिकणार? उत्तर नुसते 'पगार' असेल तर ती नोकरीही नीट विचार करून घ्यावी. गिरणीच्या पगाराने पुष्कळांना दुसरे काही शिकू दिले नाही.

कृषी पदवी-पदविकाधारकांसाठी केंद्र सरकारने २००२ साली ॲग्री-क्लिनिक व ॲग्री-बिझनेस सेंटर योजना सुरू केली. तीत हैदराबादच्या मॅनेज संस्थेमार्फत प्रशिक्षण आणि नाबार्डमार्फत कर्जाला जोडून अनुदान अशी रचना आहे. चालू नियम बँकेत विचारून घ्यावेत. मात्र अनुदान आहे म्हणून धंदा करू नये. धंदा बसत असेल तर अनुदान घ्यावे.

पुढे काय झाले?

वाचकांना वाटेल, त्या मुलाचे काय झाले? तर त्याने जूनपासून एका जुन्या रोपवाटिकेत पगारावर काम धरले. डोळे कापणे, बेणेप्रक्रिया, ट्रे भरणे, सगळे हाताने केले. सप्टेंबरच्या मध्यास घरच्या परसात एक गुंठाभर शेडनेट टाकून त्याने स्वतःची वीस हजार रोपे लावली. ऑक्टोबरात परतीच्या पावसाने रान ओले ठेवले, वाफसा येईना, लागणी लांबल्या. अकरा हजार रोपे गेली, नऊ हजार उकिरड्यावर टाकावी लागली. साडेसहा हजारांचा तोटा. त्या दिवशी वडील आमच्याकडे आले होते. बोलले काही नाही, चहा घेऊन गेले.

सुरू हंगामाला त्याने पुन्हा वीस हजार लावली. या खेपेस आधी विसार घेतला आणि मगच डोळे कापले. साडेअठरा हजार गेली, सव्वाबारा हजार सुटले. मागला तोटा वजा जाता वर्षाचे पावणेसहा हजार. पावणेसहा हजारांत संसार होत नाही, हे त्यालाही कळते. अजून एक वर्ष पगार आणि परसातली रोपे दोन्ही चालू ठेवायची, आणि दोन हंगाम सलग तोटा आला तर शेडनेट विकून टाकायचे, असे त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. खाली वडिलांचीही सही आहे. साडेतीन एकरांचा सातबारा कोरा आहे.

तो मुलगा पुढे रोपवाटिकेचा मालक होईल किंवा एखाद्या कंपनीत अधिकारी होईल. आमचे त्याबद्दल काही म्हणणे नाही. दोन्हीकडे त्याचे पाय जमिनीवर राहतील एवढी खात्री आहे. वडील मात्र भेटले की अजून विचारतात, "साहेब, पोरगं परमनंट कधी व्हायचं?" त्यांना आम्ही एवढेच सांगतो की तात्या, तुम्ही तरी चाळीस वर्षांत कधी परमनंट होता? दर पावसाळ्याला नव्यानेच लागण केलीत ना!

ज्या सभासदांना मुलाबरोबर असा हिशेब मांडून पाहायचा असेल त्यांनी गट कार्यालयात वही घेऊन अवश्य यावे. शिफारशीची चिठ्ठी आमच्याकडे मिळणार नाही. बसायला जागा आणि बेरीज-वजाबाकीला मदत मिळेल.

असो. लेख लांबला, त्याबद्दल क्षमा असावी.

— ऊस विकास अधिकारी